कुंकवाचा डाग आणि न लागणारा ब्रेक

माझं दुचाकी साफ करायचं छोटं दुकान आहे, कोल्हापुरात. दोन पोरं हाताखाली. हे प्रकरण दसऱ्याच्या दिवसांतलं. गाडीमालकांना विचारूनच लिहितोय, नाव-गाव काढून टाकलंय. त्यांना इथं नुसतं 'सर' म्हणतो, कारण ते ज्युनियर कॉलेजात शिकवतात आणि आम्ही दुकानातही तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

सरांची गाडी ३५० सीसीची, दोन वर्षांची, ११ हजार किलोमीटर चाललेली. स्पोकची चाकं, पुढे-मागे डिस्क ब्रेक आणि मॅट राखाडी टाकी. या टाकीवर त्यांचा फार जीव. शोरूममध्ये चकचकीत लाल गाडी उभी होती, ती सोडून मॅटसाठी दीड महिना थांबले होते.

पाऊस ओसरल्यावर सर आणि त्यांचे एक मित्र राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली असं करत मालवणला गेले. दोन रात्री तारकर्लीला. गाडी उभी कुठं, तर माडाखाली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. परतीच्या वाटेवर फोंड्याच्या अलीकडे पावसाची एक सर आली, रस्त्याचं काम चालू होतं तिथली तांबडी माती इंजिनाखालपासून सीटपर्यंत बसली. घरी पोचले तेव्हा खंडेनवमी परवावर आलेली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या भागात वॉशिंग सेंटरवर काय चाललेलं असतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको. ट्रॅक्टर, रिक्षा, बुलेट, स्कूटर, सगळ्यांची रांग. सरांची गाडी अशाच एका सेंटरवर बारा मिनिटांत धुऊन झाली. गरम इंजिनावर फोम, मग दाबाच्या पाण्याची गन, मग हवा. शेवटी तिथल्या पोरानं विचारलं, "डिझेल मारू का सर? चमकंल." सर म्हणाले, मार.

दुसऱ्या दिवशी पूजा. हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि टाकीच्या माथ्यावर ओल्या कुंकवानं स्वस्तिक, त्यात हळदीचे चार ठिपके. ग्लॉस, म्हणजे चकचकीत टाकीवरचं कुंकू ओल्या फडक्यानं निघतं. मॅटवरचं निघालं नाही. सरांच्या पुतण्यानं आधी टूथपेस्ट लावून बघितली, मग दुकानातून रबिंग कंपाउंडची, म्हणजे रंग घासून चमकवायच्या पेस्टची डबी आणली. बोटाला फडकं गुंडाळून तो स्वस्तिकाच्या रेघांवरून अर्धा तास घासत होता. कुंकू बरंच गेलं. त्या जागी टाकी चमकायला लागली. आता बाकीची टाकी फिकी दिसते म्हणून त्यानं तिच्यावर कारच्या डॅशबोर्डचं पॉलिश फासलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सर आमच्याकडे आले.

अडचण

सरांनी सांगितलेली अडचण एकच होती. "टाकीचं बघा हो काहीतरी. मला बघवत नाही." जाता जाता, हेल्मेट काढताना, एक वाक्य आणखी बोलले: "पुढचा ब्रेक जरा मऊ झालाय का बघा, धुतल्यापासून."

मी जॉबकार्डावर लिहिलं: टाकीवर डाग. ब्रेकचं लिहिलं नाही. धुतल्यावर डिस्कवर पाणी राहतं, पातळ गंज धरतो, चार-पाच वेळा ब्रेक मारले की जातो, हे रोजचं आहे. मीही तेच धरून चाललो, आणि गाडी धुऊन चार दिवस झालेत हे डोक्यातच आलं नाही. या प्रकरणात मी केलेली सगळ्यात मोठी चूक ती, आणि ती पहिल्या दोन मिनिटांत झाली.

पाऊण तास मी टाकीशी खेळलो. मग पोराला म्हटलं, गाडी आत घे. दुकानासमोर छोटा उतार आहे. त्यानं गाडी स्टँडवरून काढली, उतारावर पुढचा ब्रेक ओढला, आणि गाडी तशीच हळूहळू पुढे चालत राहिली. वेग चालण्याएवढाही नव्हता. त्यानं मागचा ब्रेक दाबला म्हणून थांबली. पोरगं माझ्याकडे बघतंय, मी त्याच्याकडे. सर हीच गाडी घेऊन रंकाळ्याकडून आमच्यापर्यंत भर बाजारातून आले होते.

डिस्कवरून पांढरं फडकं फिरवलं. पिवळट, तेलकट पट्टा आला. वास घेतला तर डिझेल.

मग गाडी सगळीकडून बघितली. त्यात सापडलं ते असं. चेनच्या पट्ट्यांवर नारिंगी गंज. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला तांबड्या मातीचा बोटभर थर जसाच्या तसा. स्पोक जिथं रिमला मिळतात त्या निपलांवर पांढरी-हिरवट बुरशी दिसावी तसे ठिपके. सायलेन्सरच्या क्लॅम्पवर गंज. स्पीडोमीटरच्या काचेत वाफ. म्हणजे जिथं पाणी जायला नको तिथं ते गेलं होतं, आणि जिथं जायला हवं होतं तिथं पोचलंच नव्हतं.

हे असं का होतं, थोडं थांबून सांगतो. टायरमध्ये आपण ३० पीएसआयच्या आसपास हवा भरतो. गन १०० बारची धरली तर ते साधारण १४५० पीएसआय होतात. एवढ्या दाबाचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर, चेनच्या रबरी रिंगांवर किंवा मीटरच्या सांध्यावर वीतभर अंतरावरून मारलं, तर सीलला ते अडवणं जमत नाही, ती सील पावसासाठी केलेली असते. उलट मडगार्डच्या आत गन वाकवून कोणी मारत नाही, कारण तिथं गिऱ्हाईक बघत नाही. आणि समुद्राचं मीठ नेमकं तिथंच बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून हवेतलं पाणी ओढतं आणि ओलं होतं. कोल्हापुरात पावसाळ्याच्या शेपटाला पहाटेची हवा तेवढी दमट असतेच. म्हणजे गाडी घरात उभी असली तरी तिच्या पोटाखाली समुद्र चालूच.

डिझेलबद्दल मात्र थोडं न्यायानं बोलायला हवं. ती पद्धत वेडेपणातून आलेली नाही. ट्रकच्या पाट्यांना, चासीला डिझेल-ऑइल मारतात, ते पाणी हटवतं आणि पातळ थर धरून गंज लांबवतं. ट्रकचे ब्रेक ड्रममध्ये झाकलेले असतात, म्हणून खपून जातं. मोटरसायकलची डिस्क उघडी. इंजिनावर मारलेला फवारा वाऱ्यानं दोन फूट पुढे गेला की संपलं. त्यातून कॅलिपरमधली (डिस्कला पॅडनं आवळणारा भाग तो) रबरं ब्रेक ऑइल सोसतील अशी बनवलेली असतात. डिझेलसारखं खनिज तेल लागलं की ती फुगतात.

समोर असलेले पर्याय

ब्रेकसाठी दोन रस्ते होते. पॅड काढून पॉलिश पेपरवर घासायचे, ब्रेक क्लीनर मारायचा आणि परत बसवायचे. किंवा नवे घालायचे. पॅड घालून चारच हजार किलोमीटर झाले होते. सर म्हणाले, "अर्धेसुद्धा झिजले नाहीत हो. घासून बघू की." त्यांचं म्हणणं पैशाचं नव्हतं, चांगली वस्तू टाकायची नाही या वळणाचं होतं, आणि ते मला पटतंही.

म्हणून मी त्यांना एक गोष्ट करून दाखवली. एक पॅड काढला, वरचा भाग पेपरवर घासला, क्लीनर मारून पुसला. कोरडा, राखाडी, अगदी नव्यासारखा. मग त्यावर हॉट एअर गन धरली. मिनिटभरात त्या कोरड्या पृष्ठभागावर घामासारखे काळे ठिपके फुटले, मग ते एकमेकांत मिसळून ओला डाग झाला. पॅडचं मटेरियल सच्छिद्र असतं, तेल आत मुरतं आणि ब्रेक तापला की बाहेर येतं. म्हणजे दुकानासमोर ब्रेक छान लागला असता आणि घाट उतरताना, नेमका हवा तेव्हा, सुटला असता. सर बघत राहिले. म्हणाले, "नवे घाला."

टाकीचा प्रश्न अवघड होता. मॅट हा रंगाचा प्रकार आहे असं लोकांना वाटतं. रंग तोच असतो, फरक वरच्या पारदर्शक थरात, क्लिअर कोटमध्ये. मॅट कोटचा पृष्ठभाग डोळ्याला न दिसण्याइतका खडबडीत ठेवलेला असतो, त्यामुळे पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो. ग्लॉस टाकीवर चरा आला तर आम्ही कंपाउंडनं चऱ्याच्या कडा उतरवून सपाट करतो. मॅटवर कंपाउंड मारलं तर तो खडबडीतपणाच सपाट होतो आणि तेवढी जागा ग्लॉस बनते. चमक घालवायचं कंपाउंड माझ्या पाहण्यात नाही. आणि कुंकू निघत का नव्हतं, त्याचंही कारण हाच खडबडीतपणा: रंगाची बारीक पूड त्या खाचांत बसते, वरून पुसलेलं फडकं तिला शिवतच नाही.

मग पर्याय कोणते? फक्त चट्ट्यापुरता टचअप मॅटवर जमत नाही, कारण नव्या-जुन्या कोटची कड पॉलिश करून मिटवता येत नाही. पूर्ण टाकी रंगवायची, तर साइड पॅनलच्या मॅटशी तिची मॅट जुळेलच याची खात्री कोणताही प्रामाणिक पेंटर देणार नाही. रंग जुळतो, चमकेची पातळी चुकते आणि उन्हात फरक दिसतो. नवी टाकी कंपनीतून मागवायची, तो खर्च मोठा. टाकीवर मॅट रॅप, म्हणजे चिकटणारी फिल्म चढवायची, हा मधला मार्ग. किंवा आहे ते राहू द्यायचं.

सरांनी स्वतःहून आणखी एक पर्याय काढला. "सिरॅमिक कोटिंग करून टाकूया का? म्हणजे पुन्हा काही लागायलाच नको." खरं सांगतो, धंद्याच्या दृष्टीनं हा सोन्यासारखा प्रश्न होता. पण कोटिंग म्हणजे वरून दिलेला पातळ पारदर्शक थर, तो खालचा दोष झाकत नाही, जे आहे तेच पक्कं करतं. चमकणारा चट्टा कोटिंगखाली चमकतच राहिला असता. जाहिरातीतल्या '९एच'बद्दलही त्यांना सांगितलं: ती पेन्सिलीच्या शिशाची कठीणता आहे, ९एचच्या पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही एवढाच तिचा अर्थ. वाळूच्या कणाला ती पेन्सिल माहीत नसते. मॅटसाठी वेगळी कोटिंग येतात आणि पाणी, चिखल पटकन निघायला ती बरी पडतात, पण या गाडीला त्या दिवशी त्याची गरज नव्हती.

प्रत्यक्षात काय केलं

सरांना रिक्षानं घरी पाठवलं. गाडी तीन दिवस ठेवून घेतली.

पहिला दिवस ब्रेकचा. ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं, कारण कॅलिपर उघडणं हे माझं काम नाही. पुढचे पॅड नवे, डिस्क ब्रेक क्लीनरनं तीनदा पुसली, दर वेळी नवं फडकं, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. कॅलिपरची रबरं त्यानं तपासली. बाहेरचं धुळीचं रबर जरा सैल वाटलं म्हणून तेवढं बदललं. मागच्या डिस्कवर डिझेल पोचलं नव्हतं.

दुसरा दिवस धुण्याचा. धुतलेली गाडी पुन्हा धुवायची म्हटल्यावर पोरं हसली. साध्या पाइपनं, दाब न देता, खालून वर, मडगार्डच्या आत, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मखाली, साइड स्टँडच्या स्प्रिंगमध्ये अर्धा तास नुसतं गोडं पाणी सोडलं. मीठ पाण्यात विरघळतं, त्याला जोर लागत नाही, वेळ लागतो. मडगार्डच्या आतली जांभ्याची माती तर आधी भिजवावी लागली. कोरडी खरवडली असती तर रंगही आला असता. मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची. शाम्पू गाडीचाच. कपड्यांच्या पावडरीत खार जास्त असतो, मॅटवर तिचे पांढरे ओघळ राहतात.

चेन रॉकेल आणि मऊ ब्रशनं साफ केली. पेट्रोल नाही, तारेचा ब्रश नाही. चेनच्या पिनेतलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा दोन्हींनी जातात. गंज वरवरचा होता, पट्ट्यांवरचा. कोरडी करून चेन स्प्रे मारला आणि रात्रभर तशीच ठेवली, म्हणजे फिरवल्यावर टायरवर उडायला नको. सायलेन्सरच्या क्रोमवरचे ठिपके ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासले, बरेचसे गेले. स्वयंपाकघरातली फॉइल आहे, महागड्या बाटलीपेक्षा चांगलं काम करते. काही लोक सायलेन्सरवर संडास धुवायचं ॲसिड ओततात. ते क्रोम खातं आणि शेजारच्या ॲल्युमिनियमच्या इंजिन कव्हरवर कायमचे काळे डाग पाडतं. या गाडीवर तेवढं कोणी केलं नव्हतं, नशीब.

मीटरमधली वाफ दोन दिवस उन्हात उभी करून गेली.

टाकी तिसऱ्या दिवशी. आधी टॉर्च तिरपी धरून बघितलं, कुठली चमक डॅशबोर्ड पॉलिशची आणि कुठली घासल्याची. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारख्याच दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलात तेवढंच पाणी घालून मायक्रोफायबरनं आधी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, सीटखाली झाकला जातो तिथं, पुसून बघितलं. मग पूर्ण टाकी. पॉलिश निघालं आणि तीन चतुर्थांश टाकी पहिल्यासारखी मॅट झाली. मधोमध उरलं ते नको इतकं स्पष्ट होतं: बोटाच्या रुंदीच्या चमकदार रेघा, आणि त्यातून स्वस्तिक. पुतण्यानं रेघा इतक्या मन लावून घासल्या होत्या की पूजा टाकीत कोरली गेली होती. हळदीचे ठिपके पिवळट दिसत होते, त्यांना मी हात लावला नाही. हळदीचा रंग उन्हानं उडतो.

निष्पत्ती

गाडी न्यायला सर सहकुटुंब आले. मी टाकीचे सगळे पर्याय पुन्हा सांगितले, रॅपचा नमुना दाखवला. वहिनींनी टाकीकडे नीट वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "राहू दे की. कायमची पूजा झाली." सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण टाकी तशीच ठेवायची ठरली.

ब्रेक नवे असल्यानं पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून, हळूहळू दाबून पॅड बसू द्यायला सांगितले. महिन्यानं चेन दाखवायला आले तेव्हा ब्रेक ठीक होता, हळदीचे ठिपके गेले होते, कुंकवाची गुलाबी झाक थोडी शिल्लक होती. स्पोकच्या चार निपलांवरचा गंज मात्र परत आला. मीठ तिथं आधीच आत शिरलं होतं. पुढेमागे ते स्पोक बदलावे लागतील असं सांगून ठेवलंय.

एकूण बिलात सगळ्यात मोठी रक्कम पॅड आणि मेकॅनिकची होती. ज्या टाकीसाठी सर आले होते तिचे मी वेगळे पैसे लावले नाहीत. लावायचे कशाचे?

पुन्हा अशी गाडी आली तर

माझ्या बाजूनं पहिली दुरुस्ती जॉबकार्डात झाली. आता गाडी आत घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारतो: शेवटची कुठं धुतली, धुतल्यावर काही मारलं का, आणि त्यानंतर ब्रेक कसा लागतोय. उत्तर काहीही येवो, उतारावर दोन्ही ब्रेक ओढून बघतो, मग डाग. गिऱ्हाईक ज्या गोष्टीनं अस्वस्थ असतं ती आधी सांगतं. बाकीचं हेल्मेट काढताना बोलून जातं. त्या दिवशी सर गाडी ठेवून न जाता "उद्या येतो" म्हणून परत निघाले असते, तर मी त्यांना जाऊ दिलं असतं. हा विचार अजून अधूनमधून येतो.

सरांच्या बाजूनं काय वेगळं करता आलं असतं? तारकर्लीहून निघतानाच गोड्या पाण्याच्या चार बादल्या खालून मारल्या असत्या तर निपलं वाचली असती. लॉजवर विहिरीचं पाणी असतं, कोणी नाही म्हणत नाही. वॉशिंग सेंटरला 'डिझेल नको' एवढं म्हणायला हवं होतं. आणि कुंकवाच्या डागावर टूथपेस्ट लावायच्या आधी एक फोन.

मॅट टाकीवर कुंकू अजिबात लावू नये का, यावर आमच्या दुकानात दोन मतं आहेत. माझा पोरगा म्हणतो, आधी टाकीवर मॅटचं सीलंट मारलं तर निघतं. मी करून बघितलं. कोरडं कुंकू निघतं, तेलात कालवलेलं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आठवडाभर आधीच सर गाडी घेऊन आले, रांग टाळायला. बादलीनं धुतली, डिझेलचं नाव कोणी काढलं नाही. पूजा झाल्यावर त्यांनी फोटो पाठवला. माळ हँडलला, लिंबू चाकाखाली, नवं स्वस्तिक हेडलाइटच्या काचेवर. उजेड तिरपा होता, त्यामुळे मागे टाकीवरचं जुनंही दिसत होतं.